पातेऱ्याचा हिशेब

घाटावरच्या वाचकांना 'पातेरा' हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. झाडाखाली पडलेल्या वाळक्या पाल्याला आमच्या कोकणात पातेरा म्हणतात. पुस्तकी मराठीत पालापाचोळा. पण पाचोळा म्हटलं की वाऱ्यावर उडून जाणारं, टाकाऊ असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पातेऱ्याचं तसं नाही. पातेरा गोळा करायचा असतो, मोठ्या टोपलीत पायाने चेपून भरायचा असतो, गोठ्यात गुरांखाली पसरायचा असतो, कलमांच्या आळ्यात टाकायचा असतो आणि त्यावरून शेजाऱ्याशी भांडायचंही असतो. दुसऱ्याच्या आवारातला पातेरा न विचारता उचलला म्हणून दोन घरांमध्ये वर्षभर बोलणं नाही, असले प्रकार आमच्या वाडीत झालेले आहेत.

गेले काही दिवस मी या पातेऱ्याचा इतिहास वाचतो आहे. त्याला एक घरगुती कारण आहे, ते पुढे येईलच. (नात्यातल्या मंडळींनी एव्हाना ओळखलं असेल.) आधी थोडं लांबून येतो. चांगलंच लांबून, जर्मनीतून.

पातेऱ्याचं शास्त्र हे मुळात एका भांडणातून जन्माला आलं. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातले गरीब शेतकरी जंगलातला पाला दाताळ्याने ओढून घरी नेत. गुरांखाली अंथरायला पेंढा पुरत नसे, म्हणून पाला. शेणामुताने भिजलेला तोच पाला पुढे शेतात खत म्हणून जाई. म्हणजे आपल्याकडचीच रीत. जंगल खात्याचे लोक म्हणत, यामुळे झाडं खुरटतात. शेतकरी म्हणत, पडलेली पानंच तर नेतो, झाड कुठे तोडतो? दोन्ही बाजू गरम. शेवटी एर्न्स्ट एबरमायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ठरवलं की मोजूनच बघू. ठिकठिकाणच्या बीच, स्प्रूस आणि पाइनच्या जंगलात वर्षाला किती पाला पडतो ते त्याने वजन करून पाहिलं, मग तो जाळून राखेत काय काय आहे ते तपासलं. त्याचं जाडजूड पुस्तक 1876 साली बर्लिनला छापलं गेलं. वर्षाला हेक्टरी सुमारे 4 टन पाला, असा त्याचा ढोबळ आकडा. पण खरी गोम पुढे होती. झाड जमिनीतून जे काही क्षार उचलतं त्याचा मोठा वाटा लाकडात नसून पानांत असतो. म्हणजे लाकूड तोडून नेलं तर जंगलाचं जेवढं जातं, त्याहून दरवर्षी पाला ओढून नेल्याने जास्त जातं. पाला हे जंगलाचं खेळतं भांडवल, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

आता एक गंमत पाहा. याच सुमारास हिंदुस्थानातलं जंगल खातं जर्मनांच्याच हाती होतं. 1864 साली जंगलांचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झालेला डीट्रिच ब्रँडिस हा बॉनचा. त्याच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. जंगल म्हणजे सरकारी मालमत्ता आणि आसपासचा शेतकरी म्हणजे तिला लागलेली कीड, हा दृष्टिकोन काही त्यांनी एकट्यांनी आणला नाही, इंग्रजांनाही तो सोयीचाच होता. पण 1878 चा जंगल कायदा आला आणि ठाणे-कुलाब्यात बव्हेरियातलंच भांडण नव्याने सुरू झालं. इथे त्याचं नाव होतं राब.

राब म्हणजे काय हे आमच्या पुढच्या पिढीला आता सांगावं लागतं, म्हणून सांगतो. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा, लावणीच्या क्षेत्राच्या साधारण एक दशांश, पावसाआधी भाजून काढायचा. खाली शेणाचा थर, त्यावर कवळ म्हणजे ऐन-किंजळीच्या तोडलेल्या बारीक फांद्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीची चादर. माती अशासाठी, की आग भडकू नये, धुमसत राहावी आणि राख वाऱ्याने उडू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचं. कोणी याला भाजावळ म्हणतं, कोणी दाढ भाजणं. मग मृगाचा पाऊस झाला की त्या काळ्या तुकड्यात पेरायचं. भाजलेल्या दाढीतली रोपं आणि न भाजलेल्या दाढीतली रोपं शेजारी शेजारी पाहिलीत तर शेतीतलं काही न कळणारा माणूसही फरक सांगू शकतो.

या सगळ्यासाठी पाला हवा, आणि पाला डोंगरात. म्हणून भातशेतीच्या जोडीला वरकस जमीन असे. डोंगरउताराची, नाचणी-वरीची, कवळ तोडायची. आता 1878 च्या कायद्याने मोठाले पट्टे राखीव झाले, कुठून काय तोडायचं यावर शिपाई उभा राहिला, आणि चैत्र-वैशाखात कवळ तोडणारा कुणबी किंवा वारली एकदम गुन्हेगार ठरू लागला. ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला 1885 साली चौकशी कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 चा. सरकारी अहवालाची भाषा कोरडी असते खरी, पण त्या काळच्या सरकारला कुठल्या झाडाची कुठली फांदी कोणी तोडावी यावर कमिशन बसवावं लागलं, यातच काय ते आलं.

पाठोपाठ 1889 च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर आले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ. हिंदुस्थानची शेती 'सुधारायला' आले होते, पण वर्षभर फिरून त्यांनी 1893 च्या अहवालात लिहिलं ते उलटंच. इथला चांगला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतीत सरस आहे, असा त्यांचा एकूण सूर. त्याला कमी पडतं ते खत आणि जळण, आणि त्यासाठी गावांजवळ जळण-चाऱ्याची राखीव रानं करा, म्हणजे शेण चुलीत न जाता शेतात जाईल, ही त्यांची सूचना. जंगल खात्याने शेतीसाठी जंगल राखावं, हा विचार त्या काळात एका साहेबाने मांडला याचं मला फार कौतुक वाटतं. तो किती पाळला गेला हे सांगायला नकोच.

मग पुण्याचं शेतकी कॉलेज. तिथले प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मान (पुढे पिंपळे सौदागर गावाचा प्रसिद्ध अभ्यास करणारे, तेच) आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबाच्या पद्धतीवर 1912 साली एक निबंध प्रसिद्ध केला. मुद्दा असा, की राबाचा गुण राखेत आहे की जमीन तापण्यात? राखच हवी असेल तर ती बाहेरून आणून टाकता येईल, तापवणंच हवं असेल तर पाल्याऐवजी दुसरं काही जाळता येईल. आज आपल्याला माहीत आहे की दोन्हीचा हात आहे. राखेतून पालाश, चुना आणि स्फुरद मिळतं, आणि धगीने मातीतला अडकलेला नत्र रोपांना घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. शिवाय तणाचं बी मरतं. पण पाल्यातला नत्र मात्र बराचसा धुरावाटे निघून जातो. म्हणजे राब हा नफ्याचा व्यवहार होता तसा उधळपट्टीचाही. डोंगराच्या खात्यातून काढायचं, थोडं हवेत उडवायचं आणि उरलेलं खाचरात भरायचं.

तर जंगल खातं बरोबर होतं की कुणबी? माझं मत विचाराल तर दोघांच्याही हिशेबात एकेक रकाना कमी होता. कुणब्याच्या हिशेबात डोंगराचं देणं नव्हतं. आणि सरकारच्या हिशेबात फक्त लाकूड होतं. रेल्वेचे स्लीपर, जहाजांचं सागवान. पातेरा त्यांच्या लेखी कचरा, आणि कचऱ्यासाठी माणसं इतकी का भांडतात हे त्यांना कळलंच नाही.

हा झाला आपल्याकडचा भाग. आता खऱ्याखुऱ्या बारमाही पावसाच्या जंगलांकडे वळू, कारण पातेऱ्याचा मोठा चमत्कार तिथे आहे.

युरोपियन माणूस शंभर-दीडशे वर्षं या जंगलांकडे बघून एकच अनुमान काढत होता. इतकी प्रचंड झाडी, म्हणजे खालची माती सोन्यासारखी असणार. झाडी साफ करा, हवं ते पिकवा. आणि प्रत्येक ठिकाणी दोन-चार पिकांनंतर माती हात वर करी. याचं उत्तर हळूहळू, तुकड्यातुकड्याने मिळत गेलं. हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने 1949 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर कोलंबिया आणि कॅलिफोर्निया इथल्या जंगलांची तुलना मांडली. पद्धत इतकी सोपी की बँकेच्या पासबुकासारखी. वर्षाला जमा किती होतं (पडणारा पाला) आणि खात्यात शिल्लक किती आहे (जमिनीवर साठलेला थर). कॅलिफोर्नियाच्या थंड डोंगरात पाइनखाली वर्षानुवर्षांची गादी साठलेली, आणि कोलंबियात पाला पडतो कितीतरी जास्त पण जमिनीवर शिल्लक थोडी. आला की खर्च. पुढे पीटर नाय यांनी घानामधल्या जंगलात मोजदाद केली (1961), तेव्हा वर्षाला हेक्टरी सुमारे 10 टन पाला पडतो असं दिसलं. एबरमायरच्या बव्हेरियाच्या अडीचपट! त्याआधी 1960 मध्ये नाय आणि ग्रीनलँड यांनी फिरत्या शेतीखालच्या जमिनीवर एक पुस्तकच लिहिलं होतं. आपल्याकडे जिला कुमरी म्हणत आणि जिच्यावर इंग्रजांचा फार राग होता, ती हीच शेती. जमीन काही वर्षं पडीक टाकल्यावर तिच्यावर वाढणारं रान मुळांवाटे खालचे क्षार वर आणून, पाला पाडून जमिनीचं खातं कसं भरून काढतं, याचं त्यात नीट स्पष्टीकरण आहे. 'मागासलेली' पद्धत नीट विश्रांती दिली तर शास्त्रशुद्ध ठरते. असो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र व्हेनेझुएलातली आहे. 1967 च्या अल्फा हेलिक्स जहाजावरच्या ॲमेझॉन मोहिमेनंतर फ्रिट्स वेंट आणि नेली स्टार्क यांनी एक धाडसी कल्पना मांडली. या जंगलातलं अन्न मातीत जातच नाही, पातेऱ्यातून थेट मुळांत जातं, आणि मधला दलाल म्हणजे मुळांशी संधान बांधून राहणारी बुरशी! अनेकांना हे पटलं नाही. मग सान कार्लोस दे रिओ नेग्रो इथे काम सुरू झालं. तिथली माती इतकी निकस, आणि तिच्यावर बारीक मुळांची एक चटई विणलेली, पातेऱ्यात शिरलेली. नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी या चटईवर किरणोत्सर्गी कॅल्शियम आणि फॉस्फरस शिंपडलं आणि खाली किती झिरपतं ते पाहिलं. 1978 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा असा: 99.9 टक्के वरच अडकलं. खाली गेलं ते 0.1 टक्का. त्याच वर्षी राफाएल हेरेरा आणि सहकाऱ्यांनी कुजत्या पानातलं किरणोत्सर्गी फॉस्फरस बुरशीच्या तंतूंमधून थेट जिवंत मुळात पोचलेलं दाखवलं. हजारात एक! आमच्या पतपेढीला असली वसुली जमली तर काय हवं होतं. :-)

आणि झाडाची काटकसर याच्याही आधी सुरू होते. पान गाळायच्या आधी झाड त्यातला निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद परत काढून घेतं. म्हणजे आपण ज्याला पिकलं पान म्हणतो ते आवराआवर करून, कपाटं रिकामी करून निघालेलं असतं.

हे संशोधन चालू असतानाच, त्याच ॲमेझॉनच्या खोऱ्यात, एक अमेरिकन अब्जाधीश नेमकं उलट करत होता. डॅनियल लुडविग. त्याने 1967 मध्ये ब्राझीलमधल्या जारी नदीकाठी प्रचंड जमीन घेतली आणि कागदाच्या लगद्यासाठी झपाट्याने वाढणारं एक झाड लावायचं ठरवलं. हे झाड कोणतं माहीत आहे? मेलिना आर्बोरिआ. म्हणजे आपली शिवण! दशमुळांतली शिवण, आपल्या रानात सहज दिसणारी. तिला त्याने पृथ्वीच्या पार पलीकडे नेऊन लावलं. जंगल साफ करायला बुलडोझर लावले. बुलडोझरने झाडं तर पडलीच, पण वरची पातळ माती, पातेरा, मुळांची चटई, सगळंच खरवडून निघालं आणि खालची जमीन दडपून घट्ट झाली. मग पुन्हा माणसं लावून हाताने तोडाई करायची वेळ आली. रेताड भागात शिवण वाढेना, तिथे कॅरिबियन पाइन लावावा लागला, आणि रोगही पडला. 1978 साली अख्खा कारखाना जपानमध्ये बांधून समुद्रावरून ओढत जारीला आणला होता. तोवर सुमारे 1 लाख हेक्टर जंगल साफ. 1982 मध्ये लुडविगने हात झटकून सगळं ब्राझीलमधल्या कंपन्यांना विकलं. अपयशाला कारणं अनेक होती, कर्ज, सरकारशी वाद, मजूर. सगळं खापर मातीवर फोडणं बरोबर नाही. पण वीतभर मातीला बुलडोझर लावणं ही सुरुवातच चुकीची होती, यावर फारसं दुमत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर एक अतिशयोक्ती जाऊन दुसरी येईल. उष्ण कटिबंधातली सगळीच जंगलं भिकारी मातीवर उभी नाहीत. जावाची ज्वालामुखीची माती उत्तम आहे. सान कार्लोस हे टोकाचं उदाहरण. पण जिथे माती जुनी, पावसाने धुवून निघालेली, तिथे सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो स्फुरदाचा, हे पीटर व्हिटुसेक यांनी 1984 मध्येच पाल्याच्या आकड्यांवरून मांडलं होतं. त्याचा थेट पुरावा यायला 2022 उजाडलं. मनौसजवळच्या जंगलात खतं टाकून पाहिलेल्या प्रयोगात बारीक मुळं आणि पानोळा वाढला तो फक्त स्फुरद दिल्यावर. आणि ॲमेझॉनला बाहेरून स्फुरद मिळतं कुठून? थोडं सहारातून, वाऱ्यावर! 2015 च्या एका अभ्यासाप्रमाणे वर्षाला सुमारे 22 हजार टन. वाळवंट जंगलाला खत घालतंय म्हणजे पाहा.

कोकणात काय? आपला जांभा ही अशीच धुवून निघालेली जमीन. लॅटराइट हे तिचं नाव फ्रान्सिस बुकॅननने 1807 साली छापलं, मलबारातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. आपणही जांभ्याचे चिरेच काढतो. पावसाने यातलं विरघळणारं सगळं नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि ते स्फुरदाला असं घट्ट धरून बसतं की झाडाला सुटता सुटत नाही. पण आपलं रान ॲमेझॉनसारखं नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने. ऐन-किंजळ उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात, ती जूनपर्यंत कुरकुरीत पडून राहतात, आणि मृग लागला की वाळवी, बुरशी, गांडुळं आणि तो गुंडाळी करून बसणारा पैसा नावाचा किडा, सगळे एकदम कामाला लागतात. (पैसा फिरता ठेवणाऱ्या किड्याला पैसा हे नाव कोणी दिलं असेल?) या तीन-चार महिन्यांच्या अवकाशात त्या पानांचं पुढे काय होतं त्यावर सगळं अवलंबून. वणवा लागला तर नत्र हवेत आणि राख पहिल्याच सरीबरोबर पऱ्ह्यात.

आता घरगुती कारण. आमचा गावचा सामाईक डोंगर, सातबाऱ्यावर अकरा नावं. दादाचं म्हणणं, जेसीबी लावून सगळा साफ करू, पायऱ्या पाडू, वेंगुर्ला 4 ची काजूची कलमं लावू. लाकडाचा ठेकेदार रोख द्यायला तयार आहे. दादाचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. भातशेती थांबून कित्येक वर्षं झाली, राब कोणी भाजत नाही, कवळ कोणी तोडत नाही. डोंगर ज्या कामासाठी राखला होता ते कामच उरलं नाही. दर उन्हाळ्यात वणव्याची भीती वेगळी. आणि गावात राहून हे सगळं सांभाळतो तो दादाच. मुंबई-पुण्यात बसून झाडं वाचवा म्हणायला आमचं काय जातं?

म्हणून मी 'तोडू नका' म्हणत नाही. काजूला ऊन लागतं, दाट सावलीत तो येणार नाही, हे मलाही कळतं. माझं म्हणणं जेसीबीपुरतं आहे. आपल्या डोंगरावर जांभ्यावर माती आहे किती? वरच्या टप्प्यावर तर वीतभरही नसेल. एवढी वर्षं डोंगराने जे साठवलं ते त्या वीतभरात आणि तिच्यावरच्या पातेऱ्यात आहे, आणि जेसीबीचं पहिलं काम म्हणजे नेमकं तेच ढकलून बांधावर टाकणं. खर्च जास्त येईल, पण पट्ट्यापट्ट्याने माणसं लावून तोडू, मधले पट्टे ऐन-किंजळीचे ठेवू, पाला जाळायचा नाही, खड्ड्याभोवतीच पसरायचा. खालच्या उतारावरचं, पऱ्ह्याच्या कडेचं तर अजिबात काढू नये. ठेकेदाराला फक्त जाड लाकूड नेऊ दे, फांद्या आणि पाला आपला, असं कागदावर लिहून घ्यावं. एबरमायरचा हिशेब आपल्यालाही लागू आहे.

मे महिन्यात सगळे गावी असू तेव्हा पहारीने चार ठिकाणी खणून माती किती आहे ते मोजू, मग काय ते ठरवू. तोवर ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम घेऊ नये, एवढी दादाला विनंती. आणि काकू, तुम्हाला एक विचारायचं आहे. आपल्या घरचा शेवटचा राब कुठल्या साली भाजला? बाबा म्हणतात थोरल्या आत्याच्या लग्नाच्या आधी, आणि आत्या म्हणते तिच्या लग्नानंतरही दोन वर्षं दाढीचा धूर घरात येत होता.